सोडायचा परिच्छेद

२७ ऑक्टोबर, सोमवार

टाचणीनं आज सकाळी नवा मसुदा टेबलावर ठेवला आणि चौदाव्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हा त्या बेटवाल्या देशानं पाठवलाय. पण भाषा तुमची वाटते."

वाटते कसली, माझीच आहे! नऊ वर्षांपूर्वीची. एक स्वल्पविराम हललेला नाही.

टाचणी म्हणजे माझी उपसचिव. नाव मी ठेवलेलं, तिला माहीत नाही. अंगानं बारीक, आणि विचारते ते टोचतं. पुढच्या महिन्याअखेर मी निवृत्त झाले की माझ्या खुर्चीत तीच बसणार.

परिच्छेदाचा अर्थ साधा आहे. समुद्र वर आला म्हणून ज्या वस्तीला जागा सोडावी लागेल, ती वस्ती फोडायची नाही. सगळी माणसं एकाच ठिकाणी वसवायची, त्यांच्या शाळेसकट. आणि ज्या देशात वसवलं तिथली कायमची कागदपत्रं त्यांना द्यायची.

हवामानाच्या वाटाघाटींत बावीस वर्षं काढली. ढिगानं कागद लिहिले. त्यांतला हा सर्वांत चांगला. टाचणीला म्हटलं, "हो, माझाच." ती म्हणाली, "मग तेव्हा राहिला का नाही?" मी म्हटलं, "चहा घेणार?"

२८ ऑक्टोबर

तिला सांगितलं नाही ते इथे लिहिते.

या वाटाघाटींना जाणारा प्रत्येक जण दोन-तीन परिच्छेद असे घेऊन जातो, जे त्याला नकोच असतात. पहिला आठवडा त्यांच्यासाठी भांडायचं. शेवटच्या दिवशी पडलेल्या चेहऱ्यानं ते सोडून द्यायचे आणि त्या बदल्यात जे खरोखर हवंय ते पदरात पाडून घ्यायचं. आमच्यात त्याला 'सोडायचा परिच्छेद' म्हणतात. सगळे करतात. सगळ्यांना माहीत असतं. फक्त कुणाचा कोणता, ते ओळखायचं.

तो खऱ्या परिच्छेदापेक्षा जास्त काळजीनं लिहावा लागतो. व्याख्या, अटी, लागू होण्याची तारीख, सगळं जागच्या जागी हवं. नाहीतर समोरचा एका नजरेत ओळखतो. माझा हात त्यात बसलेला होता. चौदावा लिहायला मला तीन दिवस लागले होते, आणि तेव्हाचे साहेब वाचून म्हणाले होते, "वा, मलासुद्धा खरा वाटला."

मास्तरांनाही वाटला. मास्तर त्या बेटवाल्या देशाचे. पेशानं शाळामास्तर, वस्तीनं निवडून पाठवलेले, आयुष्यात पहिल्यांदाच अशा सभेला आलेले. मी परिच्छेद वाचल्यावर त्यांनी आपल्या देशाची पाटी उभी केली (पाटी उभी केली की बोलायची पाळी मागितली असं समजायचं) आणि भर सभेत माझे आभार मानले. आवाज कापत होता. म्हणाले, हा मी माझ्या शाळेच्या फळ्यावर लिहिणार.

दहा दिवसांनी मी तो सोडला. बदल्यात काय मिळवलं? आम्ही दरवर्षी किती धूर हवेत सोडतो त्याचा अहवाल दोन वर्षं उशिरा द्यायची मुभा. मला बढती मिळाली. आणि गंमत म्हणजे तो अहवाल आम्ही वेळेत दिला. मुदतवाढ लागलीच नाही.

मास्तरांच्या तोंडाला पानं पुसली, आणि तीही फुकट.

२९ ऑक्टोबर

आताच्या साहेबांनी मसुदा चाळला. चौदाव्यावर आले आणि खूश. "अरे, हा तर तुमचा हुकमी एक्का! पहिल्या आठवड्यात उचलून धरा, दुसऱ्यात सोडा. परत एक मुदतवाढ मागू."

मी "हो साहेब" म्हटलं. बावीस वर्षांत ते दोन शब्द इतके सवयीचे झालेत की तोंड आपोआप म्हणतं.

जिन्यात आल्यावर मात्र ठरवलं. या वेळी सोडायचा नाही. काय वाट्टेल ते होवो. जाता जाता एक तरी काम खरं करून जायचं.

१ नोव्हेंबर

बॅग भरताना लेक आली. तिला म्हटलं, परत आले की तू, मी आणि बाबा पंधरा दिवस कुठेतरी जाऊ.

ती हसली. "आई, पंधरा म्हणतेस म्हणजे चार दिवस द्यायचं ठरवलंयस."

मी रागावले. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असंच करतात. आधी मोठं काहीतरी द्यायचं, मग डोळ्यांत पाणी आणून काढून घ्यायचं. मला सायकल घेणार होतीस, आठवतं? सायकल रद्द करताना तू रडलीस, आणि तुझं वाईट वाटून मी बिनतक्रार वसतिगृहात गेले."

आठवतं. घरी कामाचं काही आणत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे.

३ नोव्हेंबर, सोमवार

सभागृह नेहमीसारखंच. प्रदर्शनासाठी बांधलेली शेड, करडा गालिचा, खिडकी औषधालाही नाही. आत शिरलं की बाहेर ऊन आहे का पाऊस, कळायला मार्ग नाही, आणि आम्ही आत बसून हवामानाबद्दल बोलणार. कॉफीचं मशीन या वेळी लांब ठेवलंय. त्यामुळे रांगेत सगळे भेटतात.

मास्तर भेटले. पाठ वाकलीय, कोट तोच असावा. मला पाहून दोन्ही हात पुढे केले.

"बाई, ओळखलंत ना? शेवटी आणलाच आम्ही तुमचा परिच्छेद परत."

मी कॉफीचा कप उचलला. तेच म्हणाले, "तेव्हा तुमच्यावर वरून दबाव आला असणार. मी सगळ्यांना तेच सांगितलं. आमच्यातले काही बोलायचे वाट्टेल ते. मी म्हणायचो, बाईंच्या मनात नव्हतं, त्यांचा इलाज चालला नाही."

नऊ वर्षं हा माणूस माझी बाजू घेऊन भांडतोय!

मी म्हटलं, "हो. दबाव होता."

इतकं सहज म्हटलं. कॉफीत साखर घालता घालता. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, शाळा कशी आहे? म्हणाले, "आता मी शहरात असतो, मुलाकडे. तिसरा मजला. जिना फार." म्हातारपणी सगळ्यांचं तेच, असं काहीतरी मी बोलले आणि बैठक आहे सांगून सटकले.

५ नोव्हेंबर

चौदावा आज चर्चेला आला. मी पाटी उभी केली. म्हटलं, आमचा या परिच्छेदाला पूर्ण पाठिंबा आहे, तो आहे तसा राहावा. मनापासून बोलले. टाचणी नंतर म्हणाली, तुम्हाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

आणि सभेत काय झालं? लोक गालातल्या गालात हसले. जुने सगळे. तरुणांना जुन्यांनी कानात सांगितलं, मग तेही हसले.

मधल्या सुट्टीत थंडोबा आला. थंडोबा म्हणजे समोरच्या मोठ्या देशाचा मुख्य वाटाघाटीकार. वीस वर्षं आम्ही समोरासमोर. वाक्याच्या मध्ये पाणी पिऊन येईल इतका सावकाश. त्याला हा परिच्छेद नको, कारण उद्या वस्त्या उठल्या तर पहिल्यांदा त्याच्याच दारात येणार.

"बोला," म्हणाला. "या वेळी काय हवंय?"

"काही नको. परिच्छेद हवाय."

"बरं बरं. शुक्रवारी विचारतो."

मी म्हटलं, "मी खरं सांगतेय."

त्यानं सावकाश पाण्याचा घोट घेतला. मग अगदी कौतुकानं म्हणाला, "बाई, तुम्ही दरवर्षी सुधारताय."

६ नोव्हेंबर

कुणीही विश्वास ठेवत नाही. चार जणांशी बोलले. चौघांनी विचारलं, बदल्यात काय.

रडावंसं वाटलं. हसू आलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

थंडोबानं ठरल्याप्रमाणे विचारलं. मी तेच उत्तर दिलं. आता त्याला काळजी वाटायला लागलीय. मी एवढी ताणतेय म्हणजे काहीतरी फार मोठं मागणार, असं त्याला वाटतं. त्यानं चौदाव्याभोवती कंस टाकायला लावले. कंस म्हणजे यावर एकमत नाही, हा उडू शकतो.

मास्तर लांबून माझ्याकडे बघून मान हलवत होते. धीर देत होते. मला!

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. खोलीतच पडून. घरून फोन आला. हे म्हणाले, "काय गं, जग वाचलं का?" दरवर्षीचा विनोद. दरवर्षी मी हसते. आज म्हटलं, जग जाऊ दे, एक परिच्छेद वाचला तरी मिळवली.

ते म्हणाले, "बरी आहेस ना?"

१० नोव्हेंबर

दिवसभर एकच विचार. कंस काढायचे कसे?

फुकट मागितलं तर कुणी देत नाही, कारण फुकट मागणाऱ्यावर इथे संशय घेतात. म्हणजे किंमत द्यावी लागणार. ती सरकारची देता येत नाही, साहेब देऊ देणार नाहीत. मग माझ्याजवळ माझं असं काय आहे?

आहे एक.

११ नोव्हेंबर, मंगळवार

करार पाळला जातो का ते बघणाऱ्या देखरेख समितीचं अध्यक्षपद. तीन वर्षांचं, जानेवारीपासून, माझ्या नावानं ठरलेलं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून मी काय करणार, या प्रश्नाचं माझ्याकडे एवढं एकच उत्तर होतं. यांना सांगताना मी "अगं बाई, घ्यावंच लागेल" असा चेहरा केला होता. आतून उड्या मारत होते.

ते पद थंडोबाला त्याच्या माणसासाठी हवं होतं. दोन वर्षांपासून हवं होतं.

सकाळी कॉफीच्या रांगेत त्याच्या मागे उभी राहिले. म्हटलं, "मी समिती घेत नाही. तुमच्या माणसाला माझा पाठिंबा. तुम्ही कंस काढा."

तो वळला. पहिल्यांदाच पटकन वळला. "तुमचं स्वतःचं?"

"माझं स्वतःचं."

"त्या परिच्छेदासाठी?"

"हो."

मशीनमधून त्याचा कप भरून वाहायला लागला, तरी लक्ष नाही. मग म्हणाला, "म्हणजे खरंच हवाय." आणि कप बाजूला सरकवत, "अगोदरच्या वेळी..." एवढं बोलून थांबला. मी उत्तर दिलं नाही. त्यानं विचारलं नाही. शत्रू असावा तर असा.

एक अट घातली त्यानं. परिच्छेद आहे तसा. एकही शब्द जास्त नको, कमी नको. त्याच्या सरकारनं नऊ वर्षांपूर्वी हाच मजकूर तपासून ठेवलाय, नवा मजकूर गेला तर वकील महिनाभर घेऊन बसतील. मी म्हटलं, मला तेच हवंय. एक शब्द उघडला की सगळा मसुदा उघडतो, मग ज्याला जे खुपतं ते तो बाहेर काढतो. हे मी टाचणीला पहिल्या दिवशी शिकवलंय.

साहेबांना तब्येतीचं कारण सांगितलं. रक्तदाब. ते म्हणाले, "पद तुमचं, इच्छा तुमची. आणि चौदावा?" मी म्हटलं, त्याबद्दल काही मिळेल असं दिसत नाही, राहू द्या. ते वैतागून म्हणाले, राहू द्या तर राहू द्या.

असा इतिहास घडतो.

१२ नोव्हेंबर

यांना फोनवर सांगितलं. पलीकडे टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग, "खरंच सोडलंस? की परत काही मागायला सोडलंयस?"

छत्तीस वर्षांचा संसार. मला हसून घ्यावं लागलं. म्हटलं, खरंच. तर म्हणाले, "मग ये घरी. मी आहे." आवाज बदलला होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी मास्तर मला शोधत आमच्या खोलीपर्यंत आले. हातात मसुदा, घडी घालून घालून मऊ झालेला. म्हणाले, "बाई, जरा बोलायचं होतं. या परिच्छेदाबद्दल."

मी दार लावून घेतलं. म्हटलं, आधी मला बोलू द्या. आत्ता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

आणि सांगितलं सगळं. दबाव नव्हता. परिच्छेद सोडण्यासाठीच घातला होता. तीन दिवस खपून खोटा लिहिला होता. तुम्ही आभार मानलेत तेव्हा मी खाली मान घालून टेबलाकडे बघत होते, आणि तुम्हाला वाटलं मी विनयशील आहे. मुदतवाढीचं सांगितलं. ती लागलीच नाही, तेही सांगितलं. रडले. साठीला आलेली बाई, गळ्यात ओळखपत्र लटकतंय आणि रडतेय.

मास्तर खुर्चीत बसून ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी कागदाची घडी उघडली, परत घातली.

मग म्हणाले, "मुलांना काहीतरी सांगणं भाग होतं. म्हणून मी दबावाचं सांगितलं. मला स्वतःला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं, पण नंतर शंका आली होती." घडी सारखी करत म्हणाले, "जाऊ द्या. फार दिवस झाले."

जीव भांड्यात पडला. मी त्यांचे हात धरले. म्हटलं, उद्या तुमचा परिच्छेद पास होतोय, कंस निघालेत, मी शब्द देते.

ते म्हणाले, "तेच. त्यात एक जागा..."

मी म्हटलं, "मास्तर, आता एक शब्दही हलवायचा नाही. अगदी चुकलेला असला तरी नाही. हात लावला तर गेला. एवढं माझं ऐका."

तेवढ्यात टाचणी मला बोलवायला आली. मास्तर उठले. "बरं," म्हणाले. "तुम्हाला यातलं जास्त कळतं."

किती हलकं वाटतंय! नऊ वर्षं छातीवर ठेवलेलं कुणीतरी उचलून नेल्यासारखं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पास! सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. अध्यक्षांनी विचारलं, चौदाव्याला कुणाचा आक्षेप? एकही पाटी उभी राहिली नाही. हातोडा पडला. टाळ्या वाजल्या, थंडोबानंही वाजवल्या, सावकाश, तीन.

मास्तरांकडे पाहिलं. ते उभे होते. टाळ्या वाजवत होते, माझ्याकडे बघून. हसले. या वेळी भाषण केलं नाही. थकले असतील.

टाचणी म्हणाली, "मॅडम, तुम्ही हे सांभाळून आणलंत, आता मी सांभाळेन." तिच्यासमोर डोळे पुसावे लागले.

१७ नोव्हेंबर

घरी. लेक जेवायला आली होती. तिला सांगितलं, पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस, तिकिटं काढलीत. तिनं तिकिटं हातात घेऊन बघितली. उलटून मागूनही बघितली. जाताना मला घट्ट मिठी मारून गेली. हे माझ्या मागे उभे राहून घसा खाकरत होते.

खुर्ची रिकामी करायची भीती वाटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काही मिळवण्यासाठी आपलं दिलं. एवढं साधं होतं ते. बावीस वर्षं का लागली?

२४ नोव्हेंबर

कपाटं रिकामी केली. जुना चौदावा सापडला, माझ्या हातचा. टाचणीला द्यायला ठेवलाय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कचेरीतला शेवटचा दिवस. मास्तरांचं पत्र आलं.

आधी आभार मानलेत. मग लिहिलंय : मसुदा आमच्या राजधानीतल्या कचेरीतल्या तरुणांनी जुन्या फायलीतून उचलून पाठवला. मी तिथे आल्यावर नीट वाचला. आमची वस्ती दीड वर्षापूर्वीच उठली. एकशे बारा घरं, पाच शहरांत विखुरली आहेत. परिच्छेद मंजुरीच्या तारखेनंतर उठणाऱ्यांना लागू आहे, म्हणून आम्ही त्यात बसत नाही. त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो. मन लावून घेऊ नका, मागून येणाऱ्यांना उपयोग होईल.

तारखेची ती अट माझीच. परिच्छेद खरा वाटावा म्हणून घातली होती.